पाया भरण्याआधीची भिंत
खोल खोदकामात मातीला तात्पुरता आधार देण्याचे शास्त्र, आणि त्याकडे होणारे दुर्लक्ष

इमारतीची उंची सर्वांना दिसते. ती उभी राहण्यापूर्वी जमिनीत किती खोल जावे लागले, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक कोणत्याही बांधकामातील सर्वांत धोक्याचा काळ बहुधा याच टप्प्यावर असतो. खड्डा खणून झालेला असतो, कायमची भिंत अद्याप उभी राहिलेली नसते आणि मधल्या काही आठवड्यांत चारही बाजूंची जमीन केवळ स्वतःच्या बळावर किंवा एखाद्या तात्पुरत्या आधारावर तग धरून असते. या आधाराला बांधकामाच्या परिभाषेत शोअरिंग म्हणतात. काम संपले की ते काढून घेतले जाते किंवा मातीतच गाडले जाते. ते तात्पुरते असल्यामुळे त्याकडे पाहण्याची दृष्टीही तात्पुरती असते, आणि नेमका तेथेच घात होतो.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये हा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. १९८५ साली येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्या मागोमाग सुटे भाग बनविणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांनी औद्योगिक वसाहत भरून गेली. भूखंडाचे क्षेत्र ठरलेले आणि गरजा मात्र वाढत्या, अशी येथील अनेक कारखान्यांची स्थिती आहे. पत्र्याला आकार देणाऱ्या मोठ्या प्रेसचा पाया, पाण्याची भूमिगत टाकी, सांडपाणी प्रक्रियेची टाकी अशा कामांसाठी चार ते सहा मीटर खोल खड्डे घ्यावे लागतात, आणि ते मोकळ्या माळावर नव्हे, तर चालू शेडच्या खांबाला खेटून. महानगरातील तळघर आणि वाळूजमधील प्रेसचा खड्डा यांत आकाराचा फरक असेल. मातीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

विहीर आणि लेणे

मराठवाड्याची जमीन ही दख्खनच्या बेसॉल्टची जमीन. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग झिजलेला, भेगाळलेला खडक आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण, असा थरांचा सर्वसाधारण क्रम असतो. प्रत्येक थराची जाडी मात्र ठिकाणागणिक बदलते. एका भूखंडावर दोन मीटरवर पाषाण लागतो, तर खाम नदीच्या बाजूला गाळाचा आणि मातीचा थर बराच खोल जाऊ शकतो.

या जमिनीचा स्वभाव येथील शेतकऱ्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. मराठवाड्यातील जुनी विहीर पाहिली तर तिचा वरचा भाग दगडांनी बांधून काढलेला असतो आणि पाषाण लागला की बांधकाम थांबते. त्याखाली उघडा कातळच विहिरीची भिंत होतो. माती आणि मुरूम यांना आधार हवा, कातळाला तो लागतोच असे नाही, हा भूतांत्रिक अभियांत्रिकीचा पहिला पाठ त्या विहिरीत सामावलेला आहे. वेरूळचे कैलास लेणे तर याचे भव्य उदाहरण. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात डोंगर वरून खाली कोरत नेला गेला. त्याच्या मागच्या बाजूचा कडा सुमारे शंभर फूट उंच आहे आणि कोणत्याही टेकूशिवाय तो बाराशे वर्षे उभा आहे. देवगिरीच्या किल्ल्याभोवतीचा कातळात कोरलेला खंदकही त्याच जातीचा.

तथापि, या उदाहरणांवरून चुकीचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. वाळूजमधील खड्ड्याचा वरचा भाग वेरूळच्या कातळात नसतो. तो काळ्या मातीत आणि मुरमात असतो. आणि मुरूम हा मोठा फसवा थर आहे. पोकलेनच्या बादलीने उभा कापला तरी तो लगेच ढासळत नाही. एक दिवस, एक आठवडा, कधी महिनाभरही तो ताठ उभा राहतो. मग ‘येथे आधाराची गरजच नाही’ असा समज पक्का होतो. उभी राहिलेली माती म्हणजे सुरक्षित माती नव्हे, हे ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

काळ्या मातीची गोष्ट आणखी निराळी. ती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. मे महिन्यात या भेगा खोलवर गेलेल्या असतात. चिकण मातीत काही खोलीपर्यंत उभा काप स्वतःच्या चिकटपणावर टिकू शकतो, असे गणित सांगते. पण ते गणित अखंड मातीचे आहे. कडेपासून थोड्या अंतरावर भेग पडलेली असेल आणि वळवाच्या पहिल्या सरीचे पाणी तीत साचले, तर ते पाणी पाचरीसारखे काम करून मातीचा संबंध कप्पा खड्ड्यात लोटते. म्हणूनच उन्हाळाभर शाबूत राहिलेली कड पावसाच्या पहिल्याच रात्री कोसळल्याचे आढळते.

रेटा किती असतो?

मातीच्या या रेट्याचे पहिले पद्धतशीर गणित मांडले ते फ्रान्सचा लष्करी अभियंता कुलोम याने. मार्टिनिक बेटावरील किल्ल्याच्या बांधकामावर असताना आलेल्या अनुभवातून त्याने १७७६ साली प्रसिद्ध झालेला निबंध लिहिला. भिंतीमागची माती एका तिरप्या पृष्ठभागावरून पाचरीच्या आकारात घसरू पाहते आणि भिंतीला त्या पाचरीचा रेटा सोसावा लागतो, ही त्याची कल्पना आजही अभ्यासक्रमात शिकविली जाते. पुढे १८५७ मध्ये रँकिनने आणि विसाव्या शतकात कार्ल टेर्झागीने या शास्त्राला आजचे रूप दिले.

हिशेब सोपा करून पाहता येतो. कोरड्या मुरमाचे वजन घनमीटरला सुमारे १.८ टन धरले आणि त्याचा साधारण एक-तृतीयांश भाग आडव्या दाबाच्या रूपाने भिंतीवर येतो असे मानले, तर तीन मीटर खोल खड्ड्याच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे २.७ टन रेटा येतो. खोली सहा मीटर केली, तर तो ५.४ टन होत नाही, १०.८ टन होतो. खोली दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. ‘आणखी मीटरभर खाली जाऊ’ असे काम सुरू असताना सहज म्हटले जाते, तेव्हा या चौपटीचा विसर पडलेला असतो.

पाणी आले की चित्र पार पालटते. त्याच सहा मीटरच्या भिंतीमागे वरपर्यंत पाणी साचले, तर एकट्या पाण्याचाच दाब मीटरमागे १८ टन होतो. बुडालेल्या मातीचे वजन काहीसे हलके होत असले, तरी एकूण रेटा २३ टनांच्या घरात जातो, म्हणजे कोरड्या स्थितीच्या दुपटीहून अधिक. शिवाय काठावर उभा असलेला भरलेला डंपर, सळ्यांचा ढीग किंवा खणून काढलेल्या मातीचाच ढिगारा आपले ओझे वेगळे घालतो. ते ओझे चौरस मीटरला दोन टन धरले, तरी सहा मीटरच्या भिंतीवर मीटरमागे आणखी चार टन येतात.

शेजारच्या इमारतीचा पाया हे सर्वांत नाजूक ओझे. अभियंते येथे एक ढोबळ नियम वापरतात. शेजारच्या पायाच्या तळापासून खड्ड्याच्या दिशेने ४५ अंशांची उतरती रेषा काढायची. खड्डा त्या रेषेच्या बाहेर राहिला, तर त्या पायाचे ओझे बहुतांशी खड्ड्याच्या कडेवर येत नाही. शेडच्या खांबाचा पाया दीड मीटर खोल असेल आणि प्रेसचा खड्डा पाच मीटर, तर दोहोंत निदान साडेतीन मीटर अंतर हवे. वाळूजमधील आखूड भूखंडांवर तेवढी जागा क्वचितच असते. अशा वेळी खांबाचा भारही तात्पुरत्या भिंतीनेच पेलायचा आहे, असे समजून तिची रचना करावी लागते, किंवा आधी शेजारचा पाया खाली नेऊन बळकट करावा लागतो.

कोणता आधार, कोठे?

जागा मुबलक असेल तर सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे कड उभी न कापता उतरती ठेवणे किंवा पायऱ्या-पायऱ्यांनी खाली जाणे. जागा नसेल तेव्हाच भिंत लागते, आणि तिचे प्रकार जमिनीवरून ठरतात. पोलादी पत्र्याचे एकात एक अडकणारे शीट पाइल ठोकून केलेली भिंत मऊ गाळात आणि पाणथळ जागी उत्तम. परंतु कठीण मुरूम आणि खडक लागताच पाइल पुढे जात नाही. ठोकण्याचे हादरेही शेजारच्या अचूक यंत्रांना मानवत नाहीत. त्यामुळे वाळूजच्या बहुतेक जमिनीत ही पद्धत गैरसोयीची ठरते.

येथे अधिक उपयोगी पडते ती उभ्या पोलादी खांबांची आणि आडव्या फळ्यांची पद्धत. बर्लिनच्या भुयारी रेल्वेच्या कामात रुळलेली ही पद्धत आजही त्या शहराच्या नावाने ओळखली जाते. खड्डा घेण्यापूर्वी त्याच्या कडेने साधारण दीड ते अडीच मीटर अंतरावर यंत्राने भोके पाडून त्यांत पोलादी तुळया उभ्या केल्या जातात. त्यांचा तळ खड्ड्याच्या तळाखाली खडकात पुरेसा रोवून काँक्रीटने पक्का केला जातो. मग खोदकाम खाली सरकेल तसतशा दोन खांबांच्या मध्ये लाकडी फळ्या किंवा काँक्रीटच्या लाद्या बसवत जायचे. माती दोन खांबांच्या दरम्यान कमानीसारखी ताणून धरते आणि बराचसा रेटा थेट खांबांवर टाकते, म्हणून दोन-तीन इंच जाडीच्या फळ्याही पुरेशा होतात. मात्र ही कमान तयार होण्यासाठी फळीमागे पोकळी राहता कामा नये. फळी बसवली आणि मागची फट तशीच सोडली, तर माती आधी त्या पोकळीत सरकते आणि वरची जमीन खचते.

दुसरी पद्धत सॉइल नेलिंगची. कड एक ते दीड मीटर उभी कापायची, तीत किंचित खाली उतरती भोके पाडून पोलादी सळ्या घालायच्या, भोके सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरायची आणि दर्शनी भागावर जाळी बसवून दाबाने काँक्रीट फवारायचे. मग पुढचा टप्पा. येथे बाहेरून भिंत उभी करण्याऐवजी मातीलाच सळ्यांनी शिवून तिची भिंत केली जाते. मुरमाला ही पद्धत चांगली मानवते, कारण तो टप्प्यापुरता उभा राहतो. सळ्यांची लांबी मात्र बहुधा खड्ड्याच्या खोलीच्या सहा-दशांशापासून तिच्याइतकी भरते, म्हणजे त्या शेजारच्या भूखंडाखाली जातात. शेजाऱ्याची परवानगी आणि तेथील नळ, केबल, टाक्या यांची माहिती घेतल्याशिवाय हे काम करता येत नाही.

मोठ्या शहरांतील भुयारी स्थानकांसाठी यांहून जड उपाय लागतात. मुंबईच्या मेट्रो-३ च्या कामात स्थानकांच्या खड्ड्यांभोवती एकमेकांत गुंतलेल्या काँक्रीट पाइलच्या भिंती उभारल्या गेल्या. पुण्याचे दिवाणी न्यायालय मेट्रो स्थानक तर जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. अशा कामांत प्रत्येक टप्प्याचे स्वतंत्र गणित होते आणि प्रत्येक हालचाल मोजली जाते. लहान खड्ड्याला एवढी यंत्रणा लागत नाही. पण गणित आणि मोजणी या दोन गोष्टी त्यालाही चुकत नाहीत.

खालच्या कातळाबद्दलही एक सावधगिरी हवी. बेसॉल्ट घट्ट असला तरी त्यात उभ्या-आडव्या सांधी असतात आणि लाव्हाच्या दोन थरांमध्ये काही ठिकाणी मऊ तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. वरचा खडक भक्कम दिसत असताना खालचा हा पट्टा पाण्याने सैल झाला, तर वरचे धोंडे सुटू शकतात. म्हणून खोदकामापूर्वी एका कोपऱ्यात एकच बोअर घेऊन भागत नाही. खड्ड्याच्या प्रत्येक बाजूची जमीन तपासावी लागते.

क्रम हाच प्राण

तात्पुरत्या भिंतीची रचना कागदावर अचूक असली, तरी ती टिकते ती क्रमाने. आधी खांब, मग टप्प्याटप्प्याने खोदकाम, प्रत्येक टप्प्याला फळ्या, ठरलेल्या पातळीवर आडवी तुळई आणि समोरासमोरच्या भिंतींना अडवून धरणारे पोलादी टेकू. टेकू बसल्याशिवाय पुढचा टप्पा नाही. प्रत्यक्षात पोकलेन ताशी भाड्याने आलेला असतो, डंपर रांगेत उभे असतात आणि वेल्डर दुसऱ्या दिवशी येणार असतो. मग एक टप्पा पुढे खणला जातो. त्या एका रात्री भिंतीवर येणारा रेटा हा रचनाकाराने कधी हिशेबात धरलेलाच नसतो. आधार काढतानाही हेच. कायमची भिंत आणि वरची स्लॅब पुरेशी पक्व होण्यापूर्वी टेकू काढला, तर इतके दिवस त्याने पेललेला भार एकाएकी कोवळ्या काँक्रीटवर जातो.

पाण्याचा निचरा हा या क्रमाचाच भाग आहे. खड्ड्याच्या वरच्या काठाने चर खणून पावसाचे पाणी बाहेर वळवणे, भिंतीत निचऱ्याची छिद्रे ठेवणे, तळाशी खड्डी करून पंपाने उपसा करणे आणि पंप बंद पडल्यास दुसरा तयार ठेवणे, हे सारे स्वस्त उपाय आहेत. जुन्या गळक्या नळाचे किंवा शेजारच्या सेप्टिक टाकीचे पाणी भिंतीमागे मुरत नाही ना, हेही पाहावे लागते.

आणि शेवटी मोजणी. भिंत थोडीफार हलतेच. घट्ट जमिनीतील नीट केलेल्या कामातही खोलीच्या सुमारे ०.२ टक्के, म्हणजे सहा मीटरला १२ मिलिमीटर हालचाल होऊ शकते. तेवढी चालते. महत्त्वाचे असते ते हालचाल थांबते आहे की वाढते आहे, हे. शेजारच्या भिंतीवरील भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ती तडकते का पाहणे, काठावरच्या खुणांची रोज दुर्बिणीने नोंद घेणे आणि कोणत्या आकड्यावर काम थांबवून माणसे बाहेर काढायची हे आधीच ठरवणे, याला फार खर्च येत नाही.

चुकांची किंमत

सिंगापूरमध्ये २० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेलगत भुयारी रेल्वेसाठी घेतलेल्या सुमारे ३० मीटर खोल खड्ड्याची तात्पुरती भिंत कोसळली आणि चौघांचा बळी गेला. चौकशीत दोन चुका ठळकपणे पुढे आल्या. गणित करताना मऊ मातीची ताकद प्रत्यक्षाहून अधिक धरली गेली होती, आणि टेकू व आडवी तुळई यांचा जोड कमकुवत ठरला होता. भिंतीची हालचाल वाढत असल्याचे आकडे आधीपासून उपलब्ध होते. त्यांची गंभीर दखल घेतली गेली नाही. साधनसंपन्न शहरातही तात्पुरत्या कामाकडे दुय्यम म्हणून पाहिले की काय होते, याचा तो धडा होता.

आपल्याकडील उदाहरणे दूरची नाहीत. मुंबईत वडाळ्याच्या अँटॉप हिल भागात २५ जून २०१८ च्या पहाटे मुसळधार पावसात एका वसाहतीची कड शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात कोसळली आणि तेथे उभ्या असलेल्या अनेक मोटारी गाडल्या गेल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पुण्यातील कोंढवा येथे २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर एका गृहसंकुलाची भिंत लगतच्या बांधकामाच्या जागेवरील मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर पडली. पंधरा जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत लहान मुलेही होती. दोन्ही घटना जूनच्या अखेरच्या आठवड्यातील, दोन्ही पावसातील आणि दोन्ही रात्री-पहाटेच्या, हे नोंद घेण्याजोगे आहे. मजुरांच्या राहण्याची जागा उंच भिंतीच्या किंवा खड्ड्याच्या कडेच्या पायथ्याशी असूच नये, एवढा एक नियम पाळला गेला, तरी अनेक जीव वाचतील.

नियमांचा आपल्याकडे तुटवडा नाही. खोदकामाच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक ३७६४ आहे, राष्ट्रीय इमारत संहिता आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा संहितेनुसार दीड मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजू उतरत्या कापाव्यात किंवा भक्कम आधाराने धराव्यात. खणलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल तेवढी दूर टाकावी. दर ३० मीटर लांबीमागे निदान एक शिडी असावी. आणि कड खालून पोखरून माती काढू नये. दीड मीटर म्हणजे माणसाच्या उंचीहूनही कमी खोली. एवढ्या खड्ड्यातही वाकून काम करणाऱ्या मजुरावर घनमीटरभर माती पडली, तर ते पावणेदोन टनांचे ओझे असते. चेहरा मोकळा राहिला, तरी छातीला श्वास घेता येत नाही.

मग हे नियम कागदावरच का राहतात? एक कारण अंदाजपत्रकात आहे. लहान कामांच्या निविदेत खोदकाम घनमीटरच्या दराने मोजले जाते. तात्पुरत्या आधाराची बाब बहुधा स्वतंत्र नसते, ती ‘आवश्यक त्या सर्व आधारांसह’ अशा एका वाक्प्रयोगात गुंडाळलेली असते. मग जो ठेकेदार आधाराचा खर्च प्रामाणिकपणे धरतो त्याचा दर चढतो, आणि जो मुरमाच्या भरवशावर राहतो त्याला काम मिळते. रचनाकार कायमच्या इमारतीचे पैसे घेतो, ठेकेदार खोदकामाचे. मधली भिंत कोणाचीच नसते. तिची स्वतंत्र रचना, स्वतंत्र नकाशा आणि स्वतंत्र दर निविदेत दाखविला, तर कोणालाही तिच्यावर काटकसर करण्याचे कारण उरत नाही.

कारखान्याच्या मालकाला किंवा शेजारी खड्डा सुरू झालेल्या गृहसंस्थेच्या पदाधिकाऱ्यांना अभियंता असण्याची गरज नाही. काही साधे प्रश्न त्यांनी विचारायला हवेत. जमिनीची तपासणी कोठे-कोठे झाली? आधाराच्या भिंतीचा नकाशा कोणी सही करून दिला? पाणी साचल्याचा दाब त्यात धरला आहे काय? हालचालीची नोंद रोज कोण घेतो, आणि कोणत्या आकड्यावर काम थांबणार आहे? या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाली नाहीत, तर जूनपूर्वी तो खड्डा बुजवून घेणे किंवा त्याला आधार देणे हेच शहाणपणाचे. मुरूम कितीही ताठ उभा दिसला, तरी त्याची खरी परीक्षा पावसातच होते, आणि त्या वेळी खड्ड्याच्या तळाशी कोणी तरी काम करीत असू शकतो.